तलाक दिला म्हणता, तर सिद्ध करा : शमीम आरा प्रकरण

अलाहाबादच्या शमीम आरा यांनी १२ एप्रिल १९७९ रोजी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगीसाठी अर्ज केला. लग्न १९६८ सालचं, पदरी चार मुलगे. नवऱ्यानं टाकून दिलं आहे, छळ केला आहे, मला आणि दोन अल्पवयीन मुलांना पोटगी मिळावी, एवढीच मागणी. घटस्फोटाचा विषय त्या अर्जात कुठेच नव्हता.

ज्या कैफियतीवर, म्हणजे नवऱ्यानं कोर्टात दिलेल्या लेखी उत्तरावर, पुढचं सगळं प्रकरण फिरलं, तिच्यावर तारीख आहे ५ डिसेंबर १९९०. अर्जाला तोवर अकरा वर्षं उलटून गेली होती. त्या कैफियतीत नवऱ्यानं बाकीचे सगळे आरोप नाकारले आणि जोडीला एक जादा मुद्दा घातला : मी हिला ११ जुलै १९८७ रोजीच तलाक दिला आहे, तेव्हापासून आमचं नवरा-बायकोचं नातं उरलेलं नाही. शिवाय मी एक घर विकत घेऊन मेहेरच्या (निकाहात नवऱ्यानं बायकोला द्यायचं कबूल केलेल्या रकमेच्या) बदल्यात तिच्या ताब्यात दिलं आहे, सबब १९८६ च्या मुस्लिम महिला कायद्याप्रमाणे मी पोटगी देणं लागत नाही. तलाक कुठे दिला, कुणासमोर दिला, का दिला, याबद्दल कैफियतीत अवाक्षर नाही.

साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर तपशील आले. सकाळी अकराची वेळ, शेजारचा एकजण आणि आणखी चार-पाच माणसं हजर, आणि दिला तो तिहेरी तलाक. ही ‘तिहेरी’ची गोष्टही कैफियतीत नव्हती. त्याच जबानीत त्यानं हेही सांगितलं की १९८८ पासून बायकोला किंवा चारांपैकी एकाही मुलाला खर्चासाठी त्यानं काही दिलेलं नाही. ज्या शेजाऱ्यांसमोर तलाक उच्चारला म्हणे, त्यांच्यापैकी कुणालाही त्यानं साक्षीला आणलं नाही. शमीम आरा यांनी ठामपणे सांगितलं की मला कधीही तलाक दिलेला नाही.

मुस्लिम तलाकाविषयी आपल्याकडे बोलणं होतं ते बहुतेक धर्म, राज्यघटना आणि राजकारण यांच्या अंगानं. निकालपत्रं वाचत गेलं की वेगळीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. बायको पोटगी मागते आणि त्या मागणीला उत्तर म्हणून तलाक पुढे येतो. तो कधी दिला, दिला की नाही, हे तिला कोर्टातच कळतं. शमीम आरा प्रकरण मला म्हणूनच फार महत्त्वाचं वाटतं. त्यात सर्वोच्च न्यायालयानं तलाक चांगला की वाईट या वादात न शिरता नवऱ्याला साधा प्रश्न विचारला : तलाक दिला म्हणता, त्याचा पुरावा काय?

१९८७ हेच साल का?

तारखा शेजारी शेजारी मांडल्या की चित्र स्पष्ट होतं. शमीम आरा यांनी अर्ज केला तेव्हा कलम १२५ मधल्या ‘पत्नी’ या व्याख्येत घटस्फोटित आणि पुनर्विवाह न केलेली स्त्रीही येत होती. म्हणजे १९७९ साली तलाक दिला असता तरी नवऱ्याची पोटगीतून सहजासहजी सुटका नव्हती.

इंदूरच्या शाहबानो प्रकरणात हेच घडलं होतं. लग्न १९३२ सालचं, नवरा वकील. १९७५ मध्ये त्यानं घराबाहेर काढलं. एप्रिल १९७८ मध्ये तिनं दरमहा ५०० रुपये पोटगीसाठी अर्ज केला. अर्ज प्रलंबित असतानाच ६ नोव्हेंबर १९७८ रोजी नवऱ्यानं तलाक देऊन टाकला आणि मेहेरचे ३,००० रुपये कोर्टात भरले. दंडाधिकाऱ्यानं मंजूर केले महिना २५ रुपये. उच्च न्यायालयानं ते १७९ रुपये २० पैसे केले आणि २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती रक्कम कायम केली. त्यानंतरचा गदारोळ सर्वांना माहीत आहे. संसदेनं १९८६ चा कायदा केला, आणि त्याचा तेव्हा सर्रास लावला गेलेला अर्थ असा की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला पोटगी इद्दतीपुरतीच, म्हणजे तलाकानंतरच्या साधारण तीन महिन्यांपुरतीच, पुढे माहेरचे नातेवाईक किंवा वक्फ मंडळ बघेल.

एका दिवसात तलाकाला वेगळीच किंमत आली. १९८६ च्या आधी तलाक देऊन पोटगी चुकत नव्हती, नंतर चुकू लागली. अलाहाबादच्या नवऱ्यानं सांगितलेली तारीख या कायद्यानंतर सव्वा वर्षाच्या आत पडते, आणि कैफियतीत त्यानं आधार घेतला तोही याच कायद्याचा.

दोन कोर्टं, दोन उत्तरं

अलाहाबादच्या कुटुंब न्यायालयानं ३ एप्रिल १९९३ रोजी निकाल दिला. तलाक झालेला आहे, म्हणून पत्नीला पोटगी नाही. दोन मुलांपैकी एक दाव्याच्या काळातच सज्ञान झाला होता. दुसऱ्याला सज्ञान होईपर्यंत महिना १५० रुपये. तलाक झाला हे न्यायालयानं कशावरून ठरवलं? ३१ ऑगस्ट १९८८ रोजी नवऱ्यानं दुसऱ्याच एका दिवाणी दाव्यात केलेल्या शपथपत्रावरून. त्यात त्यानं बायकोला तलाक दिल्याचं लिहिलं होतं. त्या दाव्यात शमीम आरा पक्षकारच नव्हत्या. आपल्या लग्नाचा शेवट झाल्याचा पुरावा म्हणून तिच्यासमोर ठेवला गेला तो नवऱ्याचाच, तिच्या अपरोक्ष केलेला कागद.

उच्च न्यायालयाला हे पटलं नाही. तलाक तिच्यासमोर दिलेला नाही, तिला कळवलेलाही नाही, असं त्यानं म्हटलं. इथपर्यंत रस्ता बरोबर होता. पुढे मात्र न्यायालय म्हणालं की ५ डिसेंबर १९९० ला कैफियत दाखल झाली, तेव्हा तलाकाची वार्ता तिच्यापर्यंत पोचली, म्हणून त्या दिवशी तलाक पुरा झाला. सबब १ जानेवारी १९८८ ते ५ डिसेंबर १९९० एवढ्या काळासाठी महिना २०० रुपये, पुढे काही नाही.

याचा अर्थ नीट पाहायला हवा. पोटगी मागणाऱ्या बाईला उत्तर देताना नवऱ्यानं ‘मी तुला पूर्वीच सोडलंय’ असं लिहिलं, आणि ते पूर्वीचं सोडणं सिद्ध झालं नाही तरी लिहिणं हेच सोडणं ठरलं. खोटा ठरलेला बचाव दाखल होताक्षणी खरा होतो! तिनं अर्ज केला नसता तर कैफियत आली नसती, आणि कैफियत आली नसती तर तलाक झाला नसता. म्हणजे हक्क मागायला कोर्टाची पायरी चढणं हेच तिच्या लग्नाच्या मुळावर आलं.

हा विचार त्या न्यायमूर्तींच्या मनात अचानक उगवलेला नव्हता. आपल्या मुंबई उच्च न्यायालयानंही १९६० साली चांदबीच्या प्रकरणात कैफियतीतलं विधान कैफियत दाखल झाल्या तारखेपासूनचा तलाक मानलं होतं. त्याच्याही मागे ब्रिटिश काळातल्या निकालांची रांग आहे. १९०५ मध्ये मुंबईत न्या. बॅचलर यांनी एका दमात दिलेल्या तलाकाबद्दल लिहिलं की तो धर्मशास्त्राच्या दृष्टीनं वाईट असला तरी कायद्याच्या दृष्टीनं चांगला आहे. १९३२ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या अपील कोर्टानं, यावर कळस चढवला. त्या प्रकरणातल्या नवऱ्यानं १९०५ मध्ये बायकोच्या गैरहजेरीत तिहेरी तलाक उच्चारला आणि तलाकनामा लिहिला, पण त्यानंतर तो मरेपर्यंत पंधरा वर्षं दोघं एकत्र राहिले. पाच मुलं झाली, ती आपलीच म्हणून बाप वागला. तो वारल्यावर वारसाहक्काचा वाद आला, आणि कौन्सिलनं ठरवलं की तलाक १९०५ मध्येच पक्का झाला होता. मध्ये हलाला, म्हणजे दुसऱ्याशी लग्न आणि त्याच्याकडून घटस्फोट, झालेला नाही. म्हणून पाचही मुलं अनौरस. तलाकामागचा हेतू, पुढचा संसार, मुलं, कशाकशालाही वजन नाही. उच्चारलेल्या तीन शब्दांपुढे पंधरा वर्षांचं एकत्र जगणं फोल ठरलं.

१ ऑक्टोबर २००२

सर्वोच्च न्यायालयात न्या. आर. सी. लाहोटी आणि न्या. पी. वेंकटराम रेड्डी यांच्यासमोर प्रश्न आला तो नेमका एवढाच : कैफियतीतल्या विधानानं तलाक होतो का?

खंडपीठानं तीन उच्च न्यायालयीन निकाल हाताशी घेतले. पहिला १९७० च्या दशकाच्या तोंडावर केरळमध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी दिलेला. मुस्लिम नवऱ्याला मनमानेल तसा तत्काळ घटस्फोट देण्याचा अधिकार आहे हा समज इस्लामच्या आज्ञांशी जुळत नाही, असं त्यांनी त्यात स्पष्ट म्हटलं होतं. उरलेले दोन गुवाहाटी उच्च न्यायालयाचे. त्यांतला पहिला न्या. बहारुल इस्लाम यांनी १९७८ मध्ये दिला. तिथेही पत्नीनं पोटगी मागितली होती आणि नवऱ्यानं तलाकाचं उत्तर दिलं होतं. बहारुल इस्लाम यांनी थेट कुराणाच्या आयती समोर ठेवून निष्कर्ष काढला की तलाकाला सबळ कारण हवं, आणि त्याआधी दोन मध्यस्थांकडून, एक नवऱ्याच्या घरचा आणि एक बायकोच्या घरचा, समेटाचा प्रयत्न झालेला हवा. सूरह निसाच्या ३५ व्या आयतीत हेच सांगितलं आहे. तो प्रयत्न फसला तरच तलाक.

लाहोटी यांनी हीच भूमिका देशाचा कायदा म्हणून स्वीकारली. तलाक परिणामकारक व्हायचा तर तो प्रत्यक्ष उच्चारलेला असला पाहिजे. पूर्वी कधीतरी दिला होता असं कैफियतीत सांगणं म्हणजे उच्चारणं नव्हे, मग कैफियतीची प्रत बायकोला मिळो अथवा न मिळो. पूर्वी दिला म्हणता तर पूर्वी दिल्याचं सिद्ध करा. या प्रकरणात तपशील मांडलेले नाहीत, नवऱ्याच्या स्वतःच्या जबानीपलीकडे साक्षीदार नाही, कारण सांगितलेलं नाही, समेटाचा प्रयत्न झाल्याचं म्हणणंही नाही आणि पुरावाही नाही. दुसऱ्या दाव्यातलं शपथपत्र बायकोवर बंधनकारक नाही.

निकाल : हे लग्न ५ डिसेंबर १९९० रोजी मोडलेलं नाही. नवऱ्याची पोटगीची जबाबदारी त्या दिवशी संपलेली नाही, ती कायद्यानं संपेपर्यंत चालूच राहील. अपिलाचा खर्चही त्यानंच द्यायचा. अर्ज केल्यापासून हे ऐकायला तेवीस वर्षं लागली, आणि भांडण होतं महिना दोनशे रुपयांचं. हा उशीर निकालाचं मोल कमी करत नसला तरी मनाला लागतो.

पाच महिने आधी, औरंगाबादेत

मराठी वाचकानं अभिमानानं लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. शमीम आरा निकालाच्या पाच महिने आधी, २ मे २००२ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातल्या तीन न्यायमूर्तींच्या पूर्णपीठानं लातूरच्या दगडू पठाण प्रकरणात हाच प्रश्न सोडवला होता. कैफियतीत किंवा जबानीत ‘तलाक दिलाय’ म्हणणं पुरेसं नाही. तलाक खरोखर दिला हे सिद्ध करा, त्याचं कारण पत्नीला कळवलं होतं हे दाखवा, दोन्हीकडचे मध्यस्थ नेमले होते हे दाखवा, समेटाचा प्रयत्न फसला हे दाखवा. यातली एकेक पायरी नवऱ्यानं पुराव्यानिशी शाबीत करायची. चांदबी प्रकरणापासून बेचाळीस वर्षांनी त्याच उच्च न्यायालयानं उलट दिशेला तोंड वळवलं.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आवाज फुटला होता तो त्याच्याही आधी. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. जबानी तलाक बंद करा ही त्यातली मुख्य मागणी. २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. सात बायकांच्या त्या मोर्चाची तेव्हा अनेकांनी थट्टा केली. त्या सात जणी जे मागत होत्या ते देशाच्या कायद्यात उतरायला अर्धं शतक गेलं.

अलाहाबादचा हाच संसार, वेगळ्या रीतीनं मोडला असता तर

तलाकाचे प्रकार पाठ करण्यापेक्षा याच जोडप्यावर ते लावून पाहिले तर लवकर कळतात.

समजा नवऱ्यानं ११ जुलै १९८७ ला तलाक-ए-अहसन दिला असता. बायकोची पाळी संपून ती पाक झाल्यावर, त्या शुद्धीच्या काळात संबंध न ठेवता, एकदाच तलाक म्हणायचं आणि थांबायचं. तिची इद्दत म्हणजे तीन पाळ्या, साधारण ऑक्टोबरपर्यंत. गरोदर असली तर बाळंत होईपर्यंत. एवढ्या काळात लग्न शाबूत, खर्च नवऱ्याचा. राग निवला, मुलांची तोंडं आठवली, तर तो शब्दानं किंवा वागण्यानं तलाक मागे घेऊ शकतो. याला रुजू म्हणतात. इद्दत संपली की तलाक पक्का, तरीही पुढे दोघांना वाटलं तर नवा निकाह लावून पुन्हा एकत्र येता येतं, हलालाची गरज नाही. सगळ्यांत उत्तम मानला गेलेला प्रकार हाच.

तलाक-ए-हसनमध्ये दर महिन्याच्या शुद्धीकाळात एकदा, असा तीनदा उच्चार. पहिल्या आणि दुसऱ्यानंतर माघारीची वाट मोकळी, तिसऱ्यानंतर बंद.

त्यानं सांगितला तो तिसरा, तलाक-ए-बिद्दत : एका बैठकीत तीनदा, लगेच लागू, माघार नाही. सुन्नींमधल्या हनफी पंथानं तो पाप मानूनही वैध धरला. अहले हदीस पंथाचे लोक एका बैठकीतले तीन हे एकच मोजतात. शिया तो मानतच नाहीत, शिवाय त्यांच्यात तलाकाच्या वेळी दोन साक्षीदार हजर असल्याशिवाय तलाक होत नाही. अलाहाबादच्या प्रकरणात ही साक्षीची अट असती तर पहिल्याच कोर्टात प्रश्न मिटला असता.

आता उलट बाजू. सोडून जाण्याची इच्छा शमीम आरांचीच असती तर? खुला हा बायकोनं मागायचा घटस्फोट, बहुधा मेहेर किंवा त्याचा काही भाग सोडून देऊन. त्याला नवऱ्याची संमती लागते असंच वर्षानुवर्षं मानलं गेलं, आणि घरोघरी बायकांची अडवणूक होते ती याच जागी. ‘मेहेर सोड, सामान सोड, मुलांवरचा हक्क सोड, मग खुला देतो.’ केरळ उच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये म्हटलं की खुला हा स्त्रीचा स्वतंत्र हक्क आहे, नवऱ्याच्या होकारावर तो टांगून ठेवता येत नाही. दोघांनाही वेगळं व्हायचं असेल तर मुबारत, परस्परसंमतीचा घटस्फोट. निकाहनाम्यातच नवऱ्यानं ठरावीक अटींवर तलाकाचा अधिकार बायकोला सोपवलेला असेल तर तलाक-ए-तफवीज. पाकिस्तानात निकाहनाम्याच्या छापील नमुन्यात यासाठी अठरावा रकाना आहे. आपल्याकडे तसा रकाना नसला तरी अट लिहून घेता येते, आणि लग्न ठरवताना मेहेरच्या रकमेवर तासभर घासाघीस करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी या एका ओळीसाठी दहा मिनिटं द्यावीत असं मला मनापासून वाटतं. ईला, जिहार, लिआन ही घटस्फोटाच्या आणखी काही प्रकारांची नावं १९३७ च्या शरियत कायद्याच्या दुसऱ्या कलमात तलाक, खुला, मुबारत यांच्याच ओळीत आहेत, पण कोर्टात ती क्वचितच दिसतात.

शमीम आरांसाठी खरा भक्कम रस्ता होता १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याचा. नवऱ्यानं दोन वर्षं खर्चपाणी दिलं नाही, चार वर्षं त्याचा ठावठिकाणा नाही, सात वर्षांची किंवा जास्त कैद झाली, तीन वर्षं संसाराची कर्तव्यं पाळली नाहीत, क्रूरपणे वागवलं, अशी कारणं दाखवून स्त्री कोर्टातून घटस्फोट घेऊ शकते. हा कायदा आला त्याची हकिगत वाचण्यासारखी आहे. हनफी मतात स्त्रीला सुटायची वाटच जवळजवळ नव्हती, म्हणून पंजाबात बायका लग्न मोडण्यासाठी धर्म सोडू लागल्या. तेव्हा देवबंदी परंपरेतले मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी पंथातली सोडवणुकीची कारणं हनफी स्त्रीला लागू करता येतील असा फतवा दिला, आणि पुढे तेच कायद्यात आलं. उलेमांनी स्वतः पुढाकार घेऊन केलेली ही सुधारणा आपल्या चर्चेत अपवादानंच येते.

शमीम आरांनी मात्र यातलं काही मागितलं नाही. त्यांना लग्न मोडायचं नव्हतं, पोट भरायचं होतं.

पुढे काय झालं

२२ ऑगस्ट २०१७ चा शायरा बानो निकाल तीन विरुद्ध दोन असा लागला, हे सर्वांना ठाऊक आहे. तिहेरी तलाक रद्द ठरवणाऱ्या तिघांपैकी न्या. नरिमन आणि न्या. लळित यांनी राज्यघटनेच्या कलम १४ चा आधार घेतला : मनमानी आहे म्हणून बाद. तिसरे न्या. कुरियन जोसेफ त्या वाटेनं गेले नाहीत. त्यांनी शमीम आरा निकाल समोर ठेवला आणि म्हटलं की हा कायदा २००२ पासूनच आहे. १९३७ च्या कायद्यानं शरियत हा निर्णयाचा पाया केला, मग जे कुराणाच्या विरुद्ध ते शरियत कसं असेल? बॅचलरांच्या ‘धर्मशास्त्रात वाईट, कायद्यात चांगलं’ या वाक्याला एकशे बारा वर्षांनी मिळालेलं उत्तर ते हेच. जोसेफ यांचं मत वजा केलं तर बहुमतच उरत नाही. अलाहाबादच्या एका पोटगीच्या अर्जावर २०१७ चा निकाल असा तोललेला आहे.

२०१९ च्या कायद्यानं तत्काळ आणि न फिरणारा तलाक, मग तो तोंडी असो, लेखी असो की मोबाईलवर, निरर्थक तर ठरवलाच, शिवाय तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा केला. अहसन आणि हसनला तो लागू नाही. २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं एका प्रकरणात तलाक-ए-अहसनवरून नोंदवलेला गुन्हा याच कारणानं रद्द केला. कैदेच्या तरतुदीबद्दल माझ्या मनात शंका आहे. नवरा तुरुंगात गेला तर पोटगी कोण देणार, हा बायकांचाच प्रश्न आहे आणि तो योग्य आहे. पण या कायद्यामुळे झालेला एक बदल ठळक आहे : आता सावध नवरे ‘तिहेरी’ म्हणत नाहीत. वकिलाकरवी महिन्या-महिन्यानं तीन नोटिसा येतात, वर तलाक-ए-हसन असं लिहिलेलं असतं. हसनलाही २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत अशा नोटिसांपुढे उभं राहायला बाईच्या हातात शमीम आरा निकालच आहे. महिन्याचं अंतर पाळलं म्हणून कारण आणि समेट यांची अट सुटत नाही.

पोटगीची बाजूही बदलली. २८ सप्टेंबर २००१ रोजी डॅनियल लतिफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९८६ च्या कायद्याचा अर्थच पालटला : इद्दतीच्या काळात नवऱ्यानं तिच्या पुढच्या आयुष्याची रास्त तरतूद करायची. आणि १० जुलै २०२४ रोजी न्या. नागरत्ना आणि न्या. मसीह यांनी तेलंगणातल्या प्रकरणात सांगितलं की तलाक मिळालेल्या मुस्लिम स्त्रीलाही कलम १२५ चा रस्ता खुला आहे. ते कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालं आहे. शमीम आरांच्या नवऱ्यानं ज्यासाठी तलाकाची तारीख पुढे केली, तो फायदाच आता उरलेला नाही.

तरीही तालुक्याच्या कोर्टांत कैफियतीतलं ते वाक्य आजही येतं. ते आलं तर काय करायचं, हे ज्या बाईवर वेळ आली आहे तिच्यासाठी लिहितो. तलाक नाकारत असल्याचं लेखी म्हणणं लगेच दाखल करा, गप्प बसू नका. तारीख, वेळ, जागा, प्रकार आणि साक्षीदारांची नावं यांचा तपशील मागा. ज्यांच्यासमोर तलाक दिला म्हणतात त्यांना पिंजऱ्यात आणायला लावा आणि वकिलाला त्यांची उलटतपासणी घेऊ द्या. तुमच्या माहेरकडून मध्यस्थ कोण होता, हा प्रश्न विचारायला विसरू नका. बहुतेक वेळा त्याला उत्तर नसतं, कारण माहेरी कुणी आलेलंच नसतं. काझीचा किंवा जमातीचा शिक्का असलेला तलाकनामा दाखवला तरी तो पुरावा म्हणून तपासला जातो, निकाल म्हणून नाही. घर, दागिने किंवा रोकड मेहेरमध्ये दिली असं म्हणत असतील तर खरेदीखत कुणाच्या नावावर आहे ते काढायला लावा. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मागा. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तसं ठरवून दिलं आहे, आणि दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र द्यायचं हेही त्याच निकालात आहे. अंतरिम पोटगीचा अर्ज पहिल्याच तारखेला सोबत जोडा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असतं. तिथे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.